प्रथिनाची घडी शोधण्यात आपल्या संगणकाचा नेमका वाटा कोणता?

प्रश्न : विज्ञानशिक्षिका, फोंडा

सर्वांना नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात जीवशास्त्र शिकवते. अकरावीला जैवरेणूंचा धडा घेताना प्रथिनांच्या रचनेच्या चार पातळ्या आम्ही फळ्यावर काढतो. मुले त्या वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत बिनचूक लिहितातही. पण अमिनो आम्लांची सरळ साखळी दुमडत दुमडत एका ठरावीक आकारात कशी येते, हे मात्र एखाद्या वाक्यात उरकले जाते. म्हणून या वर्षी मी अंड्याचे उदाहरण घेतले. अंड्यातील पातळ, पारदर्शक भाग तापला की पांढरा आणि घट्ट होतो, कारण त्यातील प्रथिनांच्या घड्या मोडतात आणि मोकळ्या झालेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, हे मुलांना लगेच पटले. संध्याकाळी रस ऑमलेटच्या गाड्यावर उभे राहून त्यांनी ते कितीतरी वेळा पाहिलेले असते. त्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, "टीचर, घडी मोडताना आपण पाहतो, पण ती घातली जाताना कोणी पाहिली आहे का?"

याचे समाधानकारक उत्तर मला देता आले नाही. तिचा थोरला भाऊ अभियांत्रिकीला आहे आणि त्याने घरच्या संगणकावर "फोल्डिंग ॲट होम" हा प्रोग्रॅम बसवला आहे. जगभरातील लोक आपल्या संगणकाचा रिकामा वेळ अशा प्रकल्पांना देतात, मोठ्या गणिताचे तुकडे करून ते या संगणकांना वाटले जातात आणि उत्तरे परत गोळा केली जातात, इतके मी वाचले आहे. परंतु माझी अडचण पुढची आहे. दहा हजार मजूर लावून धरण लवकर बांधता येते, पण एका प्रथिनाची घडी ही तर क्रमाने घडणारी एकच घटना आहे. आधीचे पाऊल पडल्याशिवाय पुढचे पडत नाही. मग तिचे तुकडे करून ते फोंड्यात, टोकियोत आणि साओ पाउलोत एकाच वेळी कसे सोडवता येतील? शिवाय त्या मुलीने असेही विचारले, की आपल्या संगणकाला महिनाभर काहीच सापडले नाही, तर त्याचे काम फुकट गेले असे समजायचे का. आमच्या प्रयोगशाळेतील १४ संगणक दुपारनंतर बंदच असतात. व्यवस्थापनाकडे परवानगी मागण्यापूर्वी हे काम नेमके काय आहे, ते मला स्वतःला नीट समजून घ्यायचे आहे.

उत्तर : संगणकीय जीवशास्त्राचा संशोधक, ताळगाव

नमस्कार ताई. तुमच्या विद्यार्थिनीने, बहुधा नकळत, या विषयातील दोन प्रश्न वेगळे करून दाखवले आहेत. घडी पूर्ण झाल्यावर प्रथिनाचा आकार कोणता असेल, हा एक प्रश्न; आणि साखळी त्या आकारापर्यंत कोणत्या वाटेने व किती वेळात पोहोचते, हा दुसरा. लोकांच्या संगणकांवर चालणारे दोन मोठे प्रकल्प या दोन प्रश्नांच्या मागे वेगवेगळ्या मार्गांनी गेले. डेव्हिड बेकर यांच्या वॉशिंग्टन विद्यापीठातील प्रयोगशाळेने २००५ मध्ये सुरू केलेला "रोझेटा ॲट होम" मुख्यतः पहिल्या प्रश्नाचा. विजय पांडे यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ऑक्टोबर २००० मध्ये सुरू केलेला, आणि पुढे ग्रेग बोमन यांनी ज्याची धुरा घेतली तो "फोल्डिंग ॲट होम" मुख्यतः दुसऱ्याचा.

दोन्हींच्या मुळाशी असलेला प्रयोग तुमच्या अंड्याच्या बरोबर उलट आहे. ख्रिश्चन ॲन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएज या १२४ अमिनो आम्लांच्या विकराची घडी रसायने वापरून पूर्णपणे मोडली, मग ती रसायने काढून घेतली, आणि विकर आपणहून पूर्ववत होऊन पुन्हा काम करू लागले. आकाराची सगळी माहिती साखळीच्या क्रमातच असते, हे त्यातून दिसले आणि १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. अंड्यात तसे होत नाही, कारण तिथे प्रथिनांची इतकी दाटी असते की मोकळी झालेली साखळी स्वतःच्या घडीत परतण्याआधीच शेजारणीत अडकते.

माहिती क्रमात आहे म्हणून ती वाचणे सोपे आहे, असे मात्र नाही. १९६९ मध्ये सायरस लेव्हिंथल यांनी मांडलेली अडचण वर्गात सांगण्याजोगी आहे. समजा, १०० अमिनो आम्लांची साखळी आहे आणि प्रत्येक आम्लाला केवळ तीन प्रकारे वळता येते. तरीही एकूण आकार तीनचा शंभरावा घात इतके, म्हणजे ४८ अंकी संख्येएवढे होतात. सेकंदाला दहा लाख कोटी आकार तपासले तरी सगळे तपासायला १ वर २७ शून्ये इतकी वर्षे लागतील. आणि प्रत्यक्षात अनेक लहान प्रथिने हे काम एका सेकंदाच्याही लहानशा अंशात करतात. अर्थात, साखळी सगळे आकार चाचपून पाहत नाही. अणूंमधील ओढाताण तिला उताराच्या दिशेने नेत असते. तो उतार संगणकावर कसा मांडायचा, इथे दोन्ही प्रकल्पांच्या वाटा वेगळ्या होतात.

रोझेटा निसर्गाच्या वाटेने जाण्याचा आग्रह धरत नाही. प्रयोगांतून ज्यांची रचना आधीच ठाऊक आहे अशा प्रथिनांमधून ती नऊ-नऊ आणि तीन-तीन अमिनो आम्लांचे छोटे तुकडे निवडते. आपल्या साखळीतील तेवढ्या भागाशी ज्यांचा क्रम जुळतो, तसे. त्या तुकड्यांचे कोन आपल्या साखळीला देऊन पाहायचे, आकार अधिक स्थिर झाला तर ठेवायचा, अस्थिर झाला तर बहुतेक वेळा टाकायचा, आणि असे हजारो वेळा करायचे. (हे कोन म्हणजे १९६३ मध्ये मद्रास येथे गो. ना. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्यांचा आलेख मांडला तेच दोन कोन. आपल्या पाठ्यपुस्तकांत रामचंद्रन आलेखाला याहून मोठी जागा मिळायला हवी, असे मला मनापासून वाटते.) सुरुवातीला साखळीचे ठोकळ रूप वापरतात आणि मग सगळे अणू भरून बारीक सुधारणा करतात. अशा एका धावेतून जो आकार निघतो तो केवळ एक उमेदवार असतो, आणि बहुतेक उमेदवार चुकीचे असतात. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाच्या संगणकाला तीच साखळी, पण सुरुवातीची यादृच्छिक (कशीही निवडलेली) संख्या वेगळी देतात, म्हणजे प्रत्येक धाव वेगळ्या वाटेने जाते. लाखो उमेदवार जमले, की सर्वांत कमी ऊर्जेचे, म्हणजे सर्वांत स्थिर, आकार बाजूला काढून ते एकमेकांसारखे आहेत का, ते पाहतात. इथे कामाचे तुकडे पाडण्यात काहीच अडचण नाही, कारण एका धावेला दुसरीची वाट पाहावी लागत नाही.

तुमची खरी शंका फोल्डिंग ॲट होमबद्दल आहे आणि ती रास्त आहे. तिथे प्रथिनाचा प्रत्येक अणू आणि बहुधा त्याच्या भोवतालच्या पाण्याचाही प्रत्येक रेणू संगणकात मांडलेला असतो. बंध स्प्रिंगसारखे धरायचे, विद्युतभारांचे आकर्षण-प्रतिकर्षण मोजायचे, प्रत्येक अणूवरचे एकूण बल काढायचे आणि न्यूटनच्या दुसऱ्या नियमाने तो अणू किंचित पुढे सरकवायचा. ही "किंचित" वेळ साधारण दोन फेम्टोसेकंद असते (एका सेकंदाचे १ वर १५ शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद). याहून मोठे पाऊल टाकले तर अणू एकमेकांत घुसतात आणि गणित कोसळते. एका मायक्रोसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागासाठी, अशी ५० कोटी पावले लागतात; एका मिलिसेकंदासाठी, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी, ५० हजार कोटी. ही पावले एकामागून एकच टाकावी लागतात, हे तुमचे म्हणणे अगदी बरोबर आहे.

यातून सुटकेची वाट पांडे यांच्या गटाने घडीच्या स्वभावातूनच काढली. ती समजण्यासाठी माडांची बाग डोळ्यांपुढे आणा. समजा, एका माडावरून सरासरी ७०० तासांत एक नारळ आपोआप पडतो. एका माडाखाली ७०० तास बसून राहण्याऐवजी ७०० माणसे ७०० माडांखाली एकेक तास बसली, तर सरासरीने एका माणसाला नारळ पडताना दिसेल. नारळाच्या पडण्याला स्वतःला क्षणभरच लागतो. बाकीचा सगळा वेळ वाट पाहण्याचा असतो. लहान प्रथिनांच्या घडीचेही बऱ्याच अंशी असेच आहे. साखळी बहुतेक वेळ इकडेतिकडे डुलत राहते आणि मग एकदाच, त्या मानाने झटकन, अडथळा ओलांडून घडीत येते. म्हणून एकच लांब सिम्युलेशन (घडीची संगणकावरची अशी नक्कल) चालवण्याऐवजी हजारो छोटी चालवली, तर त्यांतल्या थोड्यांत ती घटना दिसते, आणि किती धावांत दिसली यावरून सरासरी वेळ काढता येतो.

हे कागदावरचे गणित राहिलेले नाही. २००२ मध्ये "नेचर"मध्ये या गटाने बीबीए५ या २३ अमिनो आम्लांच्या, प्रयोगशाळेत रचलेल्या छोट्या प्रथिनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी लोकांच्या संगणकांवर ५ ते २० नॅनोसेकंदांच्या (एक नॅनोसेकंद म्हणजे मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग) हजारो धावा केल्या होत्या आणि त्यांची बेरीज ७०० मायक्रोसेकंद भरली होती. लेसरने अचानक तापमान वाढवून केलेल्या प्रयोगांत घडीला जो वेळ लागताना दिसला, त्याच्याशी हे अनुमान चांगले जुळले. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला असे सांगता येईल, की घडी घातली जाताना डोळ्यांनी कोणी पाहिलेली नाही, पण अणू-अणूच्या हिशेबाने ती पाहिली गेली आहे आणि तो हिशेब घड्याळाशी ताडूनही पाहिला आहे.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही बागेतच आहे. ज्या ६९९ माडांखाली काहीच पडले नाही, त्यांचे तास हिशेबात धरले नाहीत तर "७०० तासांत एक" हा आकडा निघणारच नाही. जिथे घडी दिसली नाही, तो तुकडाही एकूण वेळेत मोजला जातो.

बागेच्या या दाखल्याला एक मर्यादा आहे, आणि ती त्या काळी टीकाकारांनी दाखवूनही दिली होती. नारळ तयार व्हायलाच जर काही दिवस लागत असतील, तर कोवळ्या माडाखाली तासभर बसून काय उपयोग? ज्या प्रथिनांत घडी टप्प्याटप्प्याने होते, तिथे फार छोट्या धावा दिशाभूल करतात. यावरचा पुढचा उपाय असा : डिचोलीहून मडगावला जाणाऱ्या माणसाचा सबंध प्रवास एकाने पाहण्याची गरज नाही. एकाने डिचोली ते म्हापसा, दुसऱ्याने म्हापसा ते पणजी, तिसऱ्याने पणजी ते मडगाव एवढेच पाहिले, आणि प्रत्येक स्थानकावरून पुढे किती जण गेले व किती मागे फिरले हे नोंदवले, तर सगळ्या वाटेचा नकाशा आणि सरासरी वेळ मांडता येतो. साखळीचे एकसारखे आकार एका "स्थानकात" गोळा करायचे आणि स्थानकांमधील ये-जा मोजायची, या रीतीला मार्कोव्ह अवस्था प्रतिमान म्हणतात. २०१० मध्ये एनटीएल९ या ३९ अमिनो आम्लांच्या प्रथिनाची सुमारे दीड मिलिसेकंद घेणारी घडी अभ्यासताना ही रीत उपयोगी पडली. त्याच वर्षी डी. ई. शॉ यांच्या संशोधनगटाने "अँटन" हा खास याच कामासाठी बनवलेला महासंगणक वापरून एका प्रथिनाची सलग एक मिलिसेकंदाची धाव प्रसिद्ध केली. दोन्ही मार्गांना आपापली जागा आहे. पण अँटन आपल्या शाळेत येणार नाही आणि दुसरा मार्ग येऊ शकतो.

उत्तर : जुना सहभागी, म्हापसा

बाई, वरचे विवेचन वाचून मलाच बऱ्याच गोष्टी आज नव्याने कळल्या. मी शास्त्रज्ञ नाही. २००५ नंतरची काही वर्षे मी म्हापशात सायबर कॅफे चालवत होतो. रात्री दहाला शटर ओढले, की आठपैकी चार संगणक मी फोल्डिंगच्या कामाला लावून घरी जात असे. तुमच्या प्रयोगशाळेत हे काम प्रत्यक्षात कसे दिसेल, तेवढे मी अनुभवावरून सांगू शकतो.

प्रोग्रॅम चालू झाल्यावर तो मुख्य केंद्राकडून एक तुकडा मागून घेतो. त्याला सगळे वर्क युनिटच म्हणतात. पडद्यावर एक नोंदवही सरकत असते आणि तीत एकेका टक्क्याने काम पुढे गेल्याची ओळ उमटते. प्रत्येक तुकड्यावर चार आकडे असतात : प्रकल्प, धाव, प्रत आणि पिढी. पहिल्या तीन आकड्यांवरून कोणते प्रथिन, सुरुवातीचा आकार कोणता आणि त्या आकाराची कितवी प्रत, हे समजते. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चौथा आकडा. समजा, पिढी २७ अशी नोंद आहे. याचा अर्थ हीच साखळी तुमच्या आधी २७ वेळा कोणाच्या ना कोणाच्या संगणकावर पुढे सरकून आली आहे (मोजणी शून्यापासून होते), आणि तुमचा तुकडा परत गेल्यावरच पुढची पिढी तयार होऊन आणखी कुणाकडे जाईल. म्हणजे एका साखळीपुरते काम एकामागून एकच होते, आणि अशा हजारो साखळ्या एकाच वेळी चालू असतात. तुमच्या धरणाच्या शंकेचे उत्तर मला या चार आकड्यांत मिळाले होते.

म्हणूनच तिथे वेळेला फार किंमत आहे. प्रत्येक तुकड्याला मुदत असते आणि ती टळली की तोच तुकडा दुसऱ्या कुणाकडे पाठवला जातो. गुणांची पद्धतही अशी आहे, की काम लवकर परत केले तर अधिक गुण मिळतात. एका जुलै महिन्यात आमच्या रस्त्यावर फणसाचे झाड विजेच्या तारांवर पडले आणि तीन दिवस वीज नव्हती. माझ्या यूपीएसची बॅटरी आधीच गेलेली होती आणि ती बदलण्यात मी चालढकल केली होती. वीज आल्यावर तीन संगणकांनी शेवटच्या चेकपॉइंटपासून काम निमूटपणे पुढे नेले. हा प्रोग्रॅम दर काही मिनिटांनी सगळ्या अणूंची स्थिती डिस्कवर लिहून ठेवत असल्यामुळे ते शक्य होते. चौथ्या संगणकावरचा तुकडा ९१ टक्क्यांवर होता, पण त्याची मुदत उलटून गेली होती. तेव्हा मला हळहळ वाटली ती गुणांची नव्हे. तीन दिवस एक साखळी माझ्याकडे अडकून पडली होती, याची वाटली.

आपल्या हवेबद्दलही सांगायला हवे. हे काम प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालवते, त्यामुळे संगणक तापतो आणि पंखे सतत फिरतात. जून ते सप्टेंबर चिऱ्यांच्या भिंतींना ओल सुटते आणि उन्हाळ्यात तांबडी धूळ. या दोन्हींचा मिळून प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर चिखलासारखा थर बसतो. मी दरवर्षी दसऱ्याच्या सुमारास आठही डबे उघडून रंगाच्या कोरड्या ब्रशाने ते साफ करत असे, आणि साफ केल्यावर त्याच कामात तापमान दहा-बारा अंशांनी उतरलेले दिसे. शाळेचे संगणक जुने असतील तर प्रोसेसरचे सगळे गाभे (कोअर) कामाला लावू नका, निम्मेच द्या.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. संगणक आपल्या मालकीचा नसेल तर लेखी परवानगीशिवाय काहीही बसवू नका. वीज शाळेची, यंत्र शाळेचे. हेतू चांगला असला तरी आपण विचारून घेतलेले बरे.

२००७ मध्ये लोकांच्या घरचे प्लेस्टेशन ३ सुद्धा या कामात आले आणि त्या सप्टेंबरात सगळ्यांची मिळून क्षमता एका पेटाफ्लॉपच्या पुढे गेली, म्हणजे सेकंदाला १ वर १५ शून्ये इतकी गणिते. ती बातमी मी कॅफेच्या दारावर छापून लावली होती. आपल्या गल्लीतले चार संगणक त्यात आहेत, हे शेजारच्या मुलांना कितीतरी दिवस खरेच वाटत नव्हते.

उत्तर : विद्युत अभियंता, मडगाव

दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु शाळेने निर्णय घेण्यापूर्वी दोन आक्षेपांचा विचार करावा असे मला वाटते.

पहिला विजेचा. पूर्ण भाराने चालणारा साधा संगणक १०० वॅट घेतो असे धरले, तर चोवीस तासांत २.४ युनिट होतात. चौदा संगणकांचे दिवसाला ३३.६ युनिट आणि महिन्याला सुमारे हजार युनिट. शिवाय ती सगळी वीज उष्णता होऊन त्याच खोलीत राहणार. इतकीच वीज एका आधुनिक ग्राफिक्स कार्डाला दिली, तर ते अशा जुन्या यंत्रांच्या कितीतरी पट काम करील.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. २०२० मध्ये प्रथिनांच्या आकारांची अनुमाने पारखणाऱ्या कॅस्प या द्वैवार्षिक चाचणीच्या चौदाव्या फेरीत अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रॅमने प्रथिनांचे आकार जवळजवळ प्रयोगाइतक्या अचूकतेने सांगितले. २०२२ पर्यंत त्याने २० कोटींहून अधिक प्रथिनांचे अनुमानित आकार सर्वांसाठी खुले केले, आणि २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल निम्मे डेव्हिड बेकर यांना व निम्मे अल्फाफोल्डच्या डेमिस हसाबिस आणि जॉन जम्पर यांना मिळाले. मग त्याच प्रश्नासाठी शाळेतील संगणक रात्रंदिवस का तापवावेत?

उत्तर : संगणकीय जीवशास्त्राचा संशोधक, ताळगाव

विजेचा हिशेब मला मान्य आहे आणि तो व्यवस्थापनापुढे जसाच्या तसा ठेवावा, असे मीही म्हणेन.

दुसऱ्या आक्षेपाबाबत मी सुरुवातीला केलेली विभागणी पुन्हा पाहावी लागेल. अंतिम आकाराच्या प्रश्नात अल्फाफोल्डने मोठी झेप घेतली, यात वाद नाही. अज्ञात प्रथिनाचा आकार सांगण्यासाठी लाखो उमेदवार तयार करण्याची जुनी गरज त्याने पुष्कळच कमी केली. ही झेप ज्या पायावर घेतली, तोही लक्षात ठेवावा : १९७१ पासून जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक करून जमा केलेल्या, प्रयोगाने सिद्ध झालेल्या रचना आणि नात्यातल्या प्रथिनांचे असंख्य क्रम. त्यांतून शिकून ते साखळीचा शेवटचा मुक्काम सांगते. मात्र साखळी तिथे कोणत्या वाटेने आणि किती वेळात पोहोचते, किंवा घडी झाल्यावरही प्रथिन कसे श्वास घेतल्यासारखे उघडते-मिटते, हे सांगण्यासाठी ते घडवलेले नाही.

याचे सर्वांत ठळक उदाहरण आपण सर्वांनी भोगलेल्या काळातले आहे. २०२० च्या आरंभी फोल्डिंग ॲट होमवर सुमारे ३० हजार यंत्रे चालू होती. साथ पसरली, लोक घरी बसले, आणि काही महिन्यांत ही संख्या दहा लाखांच्या पुढे गेली. मार्च संपेपर्यंत एकत्रित क्षमतेने एक एक्साफ्लॉप ओलांडला, म्हणजे प्लेस्टेशनच्या काळातील त्या आकड्याच्या हजारपट. या सगळ्यांनी मिळून कोरोना विषाणूच्या प्रथिनांची ०.१ सेकंदाची हालचाल मोजली. ऐकायला हा वेळ क्षुल्लक वाटतो, पण दोन फेम्टोसेकंदांच्या पावलांनी मोजला तर तो किती लांबचा प्रवास आहे हे कळते. विषाणूवरचे काट्यासारखे प्रथिन आपल्या पेशीला चिकटण्यापूर्वी उघडते. प्रयोगांत मिळालेल्या स्थिर चित्रांत ते जेवढे उघडलेले दिसत होते, त्याहून कितीतरी अधिक ते उघडू शकते, असे या सिम्युलेशनमध्ये दिसले. तसेच स्थिर रचनेत न दिसणारे, पण हालचालीत क्षणभर उघडणारे पन्नासहून अधिक खळगे सापडले. औषधाचा रेणू बसवायला अशा जागा शोधाव्या लागतात आणि एकाच स्थिर छायाचित्रात त्या मिळत नाहीत. हा अभ्यास २०२१ मध्ये "नेचर केमिस्ट्री"मध्ये आला.

बेकर यांच्या प्रयोगशाळेच्या "फोल्डइट" या खेळाचीही मुलांना ओळख करून द्यावी. तो २००८ मध्ये आला. त्यात संगणकाच्या रिकाम्या वेळाऐवजी माणसाची नजर कामाला लावतात, आणि खेळणारा स्वतः साखळी ओढून-वळवून अधिक स्थिर आकार शोधतो. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना तज्ज्ञांना अनेक वर्षे सुटत नव्हती. खेळाडूंनी तीन आठवड्यांत असा आकार दिला, की त्यावरून ती सोडवता आली. हे २०११ चे. यासाठी यंत्र रात्रभर चालू ठेवावे लागत नाही, त्यामुळे विजेचा आक्षेपही उरत नाही.

प्रतिसाद : विज्ञानशिक्षिका, फोंडा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. माडांच्या बागेचा दाखला मी वर्गात नेला, फक्त नारळांऐवजी फासे घेतले. ४२ मुलांनी प्रत्येकी दोन फासे तीनदा टाकले आणि दोन्हींवर सहा आले तर हात वर करायचा, असे ठरले. एकूण १२६ वेळा फासे पडले आणि चार वेगवेगळ्या मुलांचे हात वर गेले. १२६ ला चाराने भागून ३१.५ हा आकडा आला. खरे उत्तर ३६ आहे. मग मी उरलेल्या ३८ मुलांना विचारले, तुमचे फासे मोजलेच नसते तर काय आले असते? ज्या मुलीने पहिला प्रश्न विचारला होता, ती त्या ३८ मध्येच होती आणि तिने जागेवरूनच सांगितले, "टीचर, मग १२ ला चाराने भागून तीन आले असते." सबंध वर्ग क्षणभर गप्प झाला होता.

व्यवस्थापनाने विजेचा हिशेब पाहून १४ ऐवजी दोन संगणकांना, आणि तेही ऑक्टोबरपासून, लेखी परवानगी दिली आहे. माझा शेवटचा प्रश्न असा, की शाळा शनिवारी दुपारी बंद होते आणि सोमवारी सकाळी उघडते. त्या काळात यंत्रे बंद ठेवली तर मुदतीची अडचण येईल का?

उत्तर : जुना सहभागी, म्हापसा

येऊ शकेल, बाई. म्हणून शुक्रवारी संध्याकाळीच प्रोग्रॅमला "हातातले काम संपव, नवे घेऊ नकोस" अशी सूचना देऊन ठेवा. तशी सोय त्यातच आहे. शनिवारी बंद करण्यापूर्वी तुकडा परत गेल्याची ओळ नोंदवहीत आली आहे ना, ते त्या मुलीलाच पाहायला सांगा. आणि तुकडा हाती येईल तेव्हा त्यावरचा पिढीचा आकडा मुलांना फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवू द्या. आमच्या कॅफेत मी तो भिंतीवर खडूने लिहीत असे.